तक्रारीच्या पायरीवर

दिव्यानी नान्हे हिला जन्मापासून उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. तरी ती नागपूरला राहून वकील झाली आणि चिमूरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत टेबल-खुर्ची टाकून बसली. कायदा तिच्या डोक्यात पक्का होता. अडायचं ते लिहिण्यापाशी. लॅपटॉप लिहिलेलं वाचून दाखवायचा, पण मराठीत लांबलचक दावा टाइप करायचा म्हणजे प्रत्येक जोडाक्षराशी झटापट. मग ती फाटकाशी बसणाऱ्या टायपिस्टला मजकूर सांगायची आणि त्यानं नेमकं काय लिहिलं, ते आणखी कुणाकडून तरी वाचून घ्यायची.

म्हणून पुनमचा फोन आला तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. पुनम तिची वसतिगृहातली मैत्रीण, इंजिनीअर. नागपूरला काही जणांनी मिळून एक यंत्र तयार केलं होतं: आपण बोलायचं, त्यानं लिहायचं. तेही साधं मराठी नाही, कोर्टाचं मराठी.

"लॅपटॉपवर टाकून देतो," पुनम म्हणाली. "रोज वापर आन् जिथं चुकेल तिथं मले सांग."

पहिल्या दिवशी दिव्यानीनं दार लावून घेतलं आणि एका दमात बोलली, "सदर मिळकतीवर वादीची अखंड, शांततामय व उघड वहिवाट असून प्रतिवादीने त्यात हरकत करू नये असा कायम मनाई हुकूम व्हावा." लॅपटॉपनं वाचून दाखवलं. एक कानाही इकडचा तिकडे नव्हता. तिला हसूच आलं. टायपिस्ट सुद्धा 'शांततामय' दोनदा विचारायचा.

मग चहाचा घोट घेता घेता ती सहज म्हणाली, "अगं, चहा थंड झाला." यंत्रानं लिहिलं, 'अर्ज, चौथा खंड झाला.'

तिनं लगेच पुनमला फोन लावला. "अवघड ते येते आन् सोपं येत नाई, असं कसं?"

"त्यानं हजारो निकालपत्रं वाचली हायेत, चहा कधी पेला नाई," पुनम हसत म्हणाली. "कानावर आवाज येते तो अर्धामुर्धा. बाकीचा तो सवयीनं भरते. या शब्दानंतर कोणता शब्द येत असते, त्याचा अंदाज करते."

"माणसंबी तसंच करतेत."

"करतेतच. आमचे सर सांगत होते, युरोपात स्लोवाक म्हणून भाषा हाये. बोलणारे म्हणशील तर आपल्या विदर्भाच्या चौथाईइतके. त्या लोकांनी आपल्या न्यायाधीशांसाठी असंच यंत्र केलं. त्यांच्या भाषेतबी आपल्यासारखं शब्दाले शेपूट लागते, घराले, घरातून, घरापासून. एकेका शब्दाची दहा रूपं. आपल्याच भाषेचा आपल्याले त्रास, असं काई नाई."

दिव्यानीच्या डोक्यात ते बसून राहिलं. तिथल्या कोर्टात एखादा म्हातारा मासेमार उभा राहिला तर त्याचं बोलणं त्या यंत्राला कळत असेल का? की तिथंही न्यायाधीशाचं स्लोवाक वेगळं आणि तळ्याकाठचं वेगळं? पुनमला हे माहीत नव्हतं. "तूच इथी पाहून घे," ती म्हणाली.

पाहायची वेळ लवकरच आली.

दिव्यानीचं गाव भिसीच्या रस्त्याला आहे. गावाला जुना मालगुजारी तलाव, पूर्वीच्या जमीनदारांनी बांधलेला. तिचे वडील मनसाराम आणि आई कुंता पिढीजात मासे धरणारे. तलावातल्या मासेमारीचा ठेका गावच्या मच्छीमार संस्थेकडे असतो. त्या हिवाळ्यात धान निघायच्या आतच तलाव भराभर उतरू लागला. पाणी तळाला गेलं, गढूळ झालं आणि पावसाळ्यात सोडलेलं मत्स्यबीज पोट वर करून तरंगायला लागलं. संस्थेचे अध्यक्ष मुखरूभाऊ चार माणसं घेऊन तिच्या खोलीत आले.

"धनराजनं तुडूम उघडून पानी वावरात नेलं," ते म्हणाले. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, शेताला पाणी सोडायचं दगडी तोंड. "पारीखाली त्याचं वावर हाये. जाऊन पाय, नुसता चिखल. पानी काय ढगातून पडलं? तू दावा टाक."

"कोनी पायलं का त्याले उघडताना?"

"तुझा बाप होता ना पारीवर. त्यालेच इचार."

तिनं धनराजला नोटीस पाठवली आणि दाव्याच्या तयारीला लागली. साक्षीदार म्हणून वडिलांचं शपथपत्र लागणार होतं. आजवर अशी शपथपत्रं तिनं वकिली भाषेत लिहिली होती. 'जलाशय', 'निचरा', 'निदर्शनास आले'. आणि उलटतपासात साक्षीदार आपल्याच कागदावरच्या शब्दांना अडखळताना तिनं ऐकलं होतं. या खेपेला तिनं ठरवलं, बाबांनी त्यांच्या तोंडानं सांगायचं आणि यंत्रानं लिहायचं. कसं लिहितं, याची तिला सगळ्यात जास्त उत्सुकता होती.

रविवारी घरच्या पडवीत तिनं लॅपटॉप मांडला. मनसाराम धुतलेला सदरा घालून, तहसीलदारापुढे बसावं तसा बसला.

"बोल बा. नेहमीसारखा बोल."

तो घसा साफ करून म्हणाला, "मी तराच्या पारीवर जारा धरून बसलो होतो. तरा आटला. मासोऱ्या मेल्या."

लॅपटॉपनं गंभीर आवाजात वाचलं, "मी तक्रारीच्या पायरीवर जारी करून बसलो होतो. तक्रार आटोपली. मसुदे मिळाले."

मनसाराम दचकला. "हा कोन बोलते?"

"तूच, बा."

कुंता आत तांदूळ निवडत होती. ती सूप घेऊन बाहेर आली, पुन्हा वाचायला लावलं आणि हसता हसता भिंतीला टेकली. "मसुदे मिळाले म्हन्ते! आता मसुद्याचा रस्सा करा जी."

दिव्यानीही हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. तिनं वडिलांचं वाक्य मनात पुन्हा म्हटलं. तरा. पार. जारा. मासोरी. कोर्टात ती तळं म्हणायची, पाळ म्हणायची, जाळं म्हणायची, मासोळी म्हणायची. बाबांच्या बोलण्यात ळ नव्हताच, त्याच्या जागी र. आणि घराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तिच्याही बोलण्यातून ळ गळून पडायचा. जिनं सगळं जग कानानं ओळखलं तिला ही गोष्ट आजवर जाणवलीच नव्हती. तिनं पुनमला फोन करून सांगितलं तर पुनम ओरडलीच, "म्हणजे आमच्या यंत्रानं निम्मा जिल्हा ऐकलाच नाई कधी!"

पुढचे काही दिवस त्या पडवीत शाळाच भरली. यंत्राला नवे शब्द शिकवायची सोय होती: शब्द लिहायचा आणि माणसाकडून तो पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा. मनसाराम म्हणायचा, "गार." दिव्यानी लिहायची, 'गाळ'. यंत्र आधी 'गहाळ' लिहायचं, मग 'गार', मग एकदाचं 'गाळ'. जमलं की मनसारामला शेजाऱ्याचं पोर पास झाल्यासारखा आनंद व्हायचा. "शिकते लेका," तो म्हणायचा. शेजारच्या बायाही येऊन बसू लागल्या. भागीरथाबाईनं तर यंत्राला एक सणसणीत शिवी दिली, फक्त ते काय लिहितं ते पाहायला. त्यानं 'सन्माननीय' लिहिलं.

मग दिव्यानीनं जबाब पुन्हा घेतला. या वेळी लॅपटॉपनं जे वाचलं ते बऱ्यापैकी सरळ होतं. शेवटचं वाक्य होतं, 'धनराजने तुडूम उघडले असे लोक म्हणतात, मी पाहिले आणि ऐकले.'

दिव्यानीनं समाधानानं मान हलवली. पाहिले आणि ऐकले. याहून चांगला साक्षीदार कुठं मिळणार? कोर्टात हे वाक्य नुसतं उभं केलं तरी पुरे.

"बा, बरोबर हाये ना?"

"हव. चांगला हाये," मनसाराम म्हणाला. लॅपटॉपच्या आवाजात आपलं बोलणं ऐकून तो जरा फुलला होता.

चुलीपाशी बसलेली कुंता मात्र म्हणाली, "तुमी कधी पायले जी? तुमी तं सांगत होते, धुक्यात आपलाच हात दिसत नोयता म्हनून."

दिव्यानी वडिलांकडे वळली.

"बा?"

"आता... सारेच म्हन्तेत," मनसाराम पुटपुटला. "मी पायलो म्हनलो का नाई, मलेच आता समजत नाई."

दिव्यानीनं रेकॉर्डिंग लावलं. वडिलांचा आवाज आला, 'लोक म्हन्तेत... मी पायलो नाई आयकलो.' तिनं पुन्हा लावलं. मग आणखी सावकाश. पायलो नाई. आयकलो. मध्ये जराशी उसंत होती, श्वास घेण्याएवढी. ती उसंत यंत्रानं सोडली होती आणि 'नाई'चं 'आणि' करून टाकलं होतं. त्यानं वाचलेल्या हजारो कागदांत साक्षीदार पाहतात आणि ऐकतात. पाहिलं नाही, नुसतं ऐकलं, असं सांगणारा साक्षीदार कुणी उभाच करत नाही.

तिला यंत्राचा राग आला नाही. ती स्वतःही तेच ऐकायला बसली होती. पण तिच्या सहीची नोटीस गेली होती. धनराजच्या घरी या आठवड्यात काय बोलणं झालं असेल, ते तिला न ऐकताही कळत होतं.

तिनं विचारलं, "बा, तू काय आयकला? आवाज कसा होता?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मनसारामनं डोळे मिटले. "डबक... डबक. थांबून थांबून. घागर पान्यात बुडवली का करते ना, तसा."

"तुडूम उघडला का असाच आवाज येते?"

"नाई," तो म्हणाला आणि थांबला. "तुडूम भसभसते. गावापर्यंत आयकू येते." मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "मंग तो कशाचा होता?"

सकाळी उन्हं वर आल्यावर तिघंही पाळीवर गेले. मनसाराम जिथं बसला होता ती जागा त्यानं दाखवली. तुडूम तिथून चांगलं लांब होतं. दिव्यानी खाली बसून ऐकत राहिली, पण ऐकू आला तो टिटवीचा आवाज आणि पलीकडच्या ट्रॅक्टरचा. पाणी आता फारच खाली गेलं होतं. कुंता लुगडं खोचून गाळात उतरली आणि दगडांच्या कडेनं चाचपत चालू लागली.

"इथी काडी फिरून राह्यली," ती ओरडली. पाण्यावरची गवताची एक काडी जागच्या जागी गोल फिरत होती. तिनं पाय घातला. "अवो, पाय ओढते!"

तेवढ्यात पाळीच्या पलीकडून धनराज वर आला. हातात नोटिशीचा कागद होता. तो फडफडताना दिव्यानीला ऐकू आला.

"आता का राह्यलं पाह्याचं?" तो म्हणाला. "माझी लाखोरी सडली सारी. धान काढलं, डाळीसाठी लाखोरी टाकली, आन् वावर सुकूनच नाई राह्यलं. मले वाटलं, मासोऱ्या धराले तुमीच तलाव माझ्या वावरात उपसला. मीच तुमच्यावर केस टाकनार होतो, तं तुमचीच नोटीस आली!"

चोरीचं पाणी ज्याच्या शेतात सापडलं म्हणून सगळा गाव त्याच्यावर उठला होता, त्याला ते पाणी नकोच होतं.

"धनराजभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या वावरात पानी कुठून येते, ते कधी पायलं का?"

"पारीच्या बुडातून. जुना कव्ह्याचा झाड होता ना, त्याच्याखालून."

मनसाराम आणि धनराज दोघंही एकदमच तिकडे वळले. पाळीवरचा तो मोठा कव्हा, म्हणजे अर्जुनाचा वृक्ष, कधीचाच तोडला होता. बुंधा मातीत तसाच राहिला होता. धनराज घरून सब्बल आणि फावडं घेऊन आला. शेताच्या बाजूनं त्यांनी बुंध्याखालची माती ओढली, तर कुजलेल्या मुळाचा भुगा हातात आला आणि मागून गार पाण्याची धार सुटली. मूळ कुजून त्याची नळीच झाली होती, तलावाच्या पोटापासून शेतापर्यंत. पाणी त्या भोकाच्या तोंडाशी आलं की हवा आत जाई आणि डबकन आवाज होई. धनराजनं मातीचं ढेकूळ भोकाच्या तोंडाशी लावून पाहिलं आणि पुन्हा तो आवाज आला.

"हाच!" मनसाराम ओरडला. "हाच आवाज!"

दिव्यानीनं पुढं होऊन त्या धारेत हात धरला. किती तरी वेळ धरून ठेवला.

मुखरूभाऊंना हे सांगणं सोपं गेलं नाही. संस्थेच्या बैठकीत ते ताडकन उठले. "तू आमची वकील का त्याची? मासोऱ्या आमच्या मेल्या. आता बुंधा का भरून देनार हाये आमाले?"

"बुंध्यावर दावा टाकता येत नाई, मुखरूभाऊ," ती म्हणाली. "आन् बानं पायलं असं मी लिहून टाकलं असतं, तं उलटतपासात त्याले खोटं बोलावं लागलं असतं. मी बापाले खोट्याची शपथ घ्यायला नाई लावनार."

मुखरूभाऊ रागानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच पाळीवर जाऊन आले आणि परतताना मनसारामच्या दारात थांबून एवढंच म्हणाले, "कारी माती माझ्या बोडीतून घ्या. चिकट हाये."

पाळ खोदून मूळ काढायला, त्यांच्या बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, काळी माती ठोकून भरायला संस्थेची माणसं आली आणि धनराजनं ट्रॅक्टर दिला. नोटीस मागे घेतली, तरी पुढं भांडण नको म्हणून दिव्यानीनं करारपत्र केलं. पाळीची पाहणी दोन्ही बाजूंनी मिळून करायची, तुडूम दोघांच्या समोर उघडायचं. ते तिनं यंत्राला सांगूनच लिहिलं, आणि 'नाही' म्हणताना प्रत्येक वेळी थांबून वाचून घेतलं. गेलेलं बीज मात्र गेलंच. त्या उन्हाळ्यात संस्थेच्या बऱ्याच घरांनी मोहफुलं वेचली, तेंदूपत्त्याच्या कामाला गेली. धनराजची लाखोरीही परत आली नाही. भरपाई कुणालाच मिळाली नाही, पण धनराजच्या बायकोनं कुंताकडून पुन्हा मासे घ्यायला सुरुवात केली.

पुनमच्या नागपूरच्या मंडळींनी मनसारामचं ते वाक्य आपल्या चाचणीत घातलं. त्यांनी कितीही सुधारणा केल्या तरी यंत्र दहातल्या चार वेळा 'आणि'च लिहायचं. "अजून लोकाइचे आवाज पाह्यजेत," पुनम म्हणाली. "एका बानं नाई भागत." मग दिव्यानी सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन गावोगाव जाऊ लागली. लोकांना विचारून, त्यांच्या परवानगीनं, त्यांचं बोलणं गोळा करू लागली. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण, वाटणीचं भांडण, सुनेचं गाऱ्हाणं. प्रत्येकाचा 'नाई' निराळा निघायचा. कुणाचा नाकात, कुणाचा ओठ न उघडता, कुणाचा नुसताच जिभेचा टक असा आवाज. हा शेवटचा तर लिहायचा कसा, हेच दोघी मैत्रिणींना उमगेना.

पावसाळा सरल्यावर तिला सिरोंच्याहून रीता नावाच्या वकीलबाईंचा फोन आला. "आमच्याकडं लोक अर्धं तेलुगू बोलतेत, अर्धं मराठी. तुमचं यंत्र चालन का?"

"मले नाई माहीत," दिव्यानी म्हणाली. "येऊन पायतो."

चंद्रपूरला बस बदलून, आलापल्लीच्या जंगलातून ती संध्याकाळी सिरोंच्याला उतरली. सकाळी रीताताई तिला गोदावरीच्या काठी लच्छूभाऊ नावाच्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेल्या. तो जाळं शिवत बसला होता. हातातलं काम न थांबवता तो बोलू लागला. नदीबद्दल असावं, चेपा म्हणजे माशांबद्दल असावं, मध्येच एखादा मराठी शब्द ओळखीच्या माणसासारखा भेटून पुढं निघून जात होता. बोलताना तो स्वतःशीच हसतही होता.

तो थांबला. लॅपटॉपनं वाचायला घेतलं आणि काहीच वाचलं नाही. पान कोरं होतं.

"का म्हन्ते तुमची मशीन?" लच्छूभाऊनं विचारलं.

"काहीच नाई म्हन्त," दिव्यानी म्हणाली आणि मोढा जवळ ओढून त्याच्यासमोर बसली. "तुमी हसले कशाले, ते आधी सांगा."